प्रांतसाहेब, तहसीलदारसाहेब, ती फाइल पुन्हा एकदा उघडून बघा

प्रति,
कोकण विभागातले सर्व उपविभागीय दंडाधिकारी आणि तालुका दंडाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

गेली सव्वीस वर्षं मी रायगड जिल्ह्यात वकिली करते आहे. माझे बहुतेक अशील आदिवासी वाड्यांवरचे, त्यातही कातकरी जास्त. त्यामुळे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या त्याहून जास्त वेळा मी तुमच्या कचेरीच्या व्हरांड्यात बसले आहे. हे पत्र कुणा एका अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार नाही, म्हणून ज्या तालुक्यातली हकिकत सांगणार आहे त्याचं नाव मी लिहीत नाही. पत्र सगळ्यांनाच आहे, कारण हा कागद मी पाच तालुक्यांत जवळपास शब्द न् शब्द सारखाच पाहिला आहे.

गेल्या वर्षी गणपतीच्या आठेक दिवस आधी एक माणूस माझ्या ऑफिसात आला. बाहेर पाऊस कोसळत होता. त्याने दुधाच्या रिकाम्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला, टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला. कागद म्हणजे कारणे दाखवा नोटीस. झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून अक्षरं पसरलेली. वर छापलेलं ‘फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम ११०’. त्यावर निळ्या बॉलपेनची आडवी रेघ, आणि रेघेच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘भा. ना. सु. सं. कलम १२९’, म्हणजे नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. नाव, वय आणि वाडी हाताने भरलेली. धंद्याच्या रकान्यात दोन शब्द : ‘काही नाही’. खाली छापील मजकूर असा, की सदर इसम सराईत असून त्यास उपजीविकेचे ठोस साधन नाही, तो रात्री-अपरात्री संशयास्पदरीत्या फिरतो, सबब सणाच्या काळात त्याजकडून शांततेस धोका आहे. तरी त्याचेकडून चांगल्या वर्तणुकीचे इतक्या रकमेचे बंधपत्र ऐपतदार जामिनासह का घेऊ नये.

मी त्याला विचारलं, रात्री फिरतोस का? तो म्हणाला, “फिरतो की, वकीलबाय. मुठे काय दिवसा गावतान?” मुठे म्हणजे खेकडे.

तुमच्यातले जे कोकणातलेच आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. मृगाच्या पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढायला लागले की कातकरी बत्ती घेऊन रात्रभर ओढ्याने आणि शेताच्या बांधाने फिरतो. सकाळी त्याची बायको मुठ्यांची माळ आणि पानात गुंडाळलेले मासे घेऊन नाक्यावर बसते. आपण थांबतो, घासाघीस करतो, घेऊन जातो. रात्रीचं फिरणं हाच त्या माणसाचा धंदा. आपण सगळे त्याचं गिऱ्हाईक आहोत, आणि नोटिशीत धंदा ‘काही नाही’.

त्या माणसावर आजवर एकही गुन्हा शाबित झालेला नव्हता. पोलिसांच्या प्रस्तावात तीन नोंदी होत्या. एक, दारूबंदी कायद्याखालची, निर्दोष सुटलेला. दुसरी, जंगलात लाकूड तोडल्याची, तिचा निकाल लागलेला नाही. तिसरी नोंद म्हणजे त्याच्या आदल्या वर्षीची हीच नोटीस. आदल्या वर्षीचा संशय गेल्या वर्षी पुरावा म्हणून पुढे आला होता, आणि गेल्या वर्षीचाही असाच पुढे येत राहील.

आता थोडं कायद्याबद्दल. तुम्हाला कायदा शिकवायचा म्हणून लिहीत नाही. त्या बॉलपेनच्या रेघेने मला फार अस्वस्थ केलं आहे, म्हणून लिहिते.

१ जुलै २०२४ पासून तीन नवे फौजदारी कायदे आले. वसाहतीचे कायदे गेले, गुलामगिरीच्या खुणा पुसल्या, असं आपल्याला सांगण्यात आलं. मी आयुष्यभर ज्याला वसाहतमुक्ती म्हणत आले, ती नावापुरती का होईना सरकारी तोंडातून ऐकायला मिळाली याचा मला आनंदच झाला होता. मग मी नवी संहिता उघडून आपल्या ‘चॅप्टर केस’चं काय झालं ते शोधलं. जुन्या संहितेत ते आठवं प्रकरण होतं, म्हणून तर पोलीस ठाण्यापासून वाडीपर्यंत सगळे त्याला ‘चॅप्टर’ म्हणतात. नव्या संहितेत ते नववं झालं. १०७ चं १२६ झालं, १०९ चं १२८, ११० चं १२९. आतला मजकूर जवळपास होता तसाच. माणसाने गुन्हा केलेला नसताना, तो करील अशा अंदाजावर त्याच्याकडून हमी मागायची, आणि हमी देता आली नाही तर त्याला तुरुंगात घालायचं, हा अधिकार जिथल्या तिथे आहे. तो चालवणाराही न्यायाधीश नाही, महसूल खात्याचा अधिकारी आहे. राज्यघटनेच्या ५० व्या अनुच्छेदाने न्याय आणि कारभार वेगळे करायला सांगितलं. १९७३ च्या संहितेने ते बरंचसं केलंही. हे प्रकरण मात्र पुरतं कचेरीबाहेर गेलं नाही; ११० सारखी कलमं न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेली होती, तीही १९८० च्या दुरुस्तीने कचेरीत परतली.

आणखी एक गोष्ट मला त्या नोटिशीत दिसली, ती कृपा करून तुमच्या अव्वल कारकुनांना दाखवा. ‘उपजीविकेचे ठोस साधन नाही’ हे वाक्य १८९८ च्या इंग्रजी संहितेतलं आहे, आणि तेही ११० मधलं नव्हे, १०९ मधलं. ज्याचं पोट कशावर चालतं ते दिसत नाही त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घ्यावा, अशी तरतूद तेव्हा होती. १९७३ साली आपल्या संसदेने ती गाळली. गरीब असणं हे संशयाचं कारण असू शकत नाही, हे स्वतंत्र देशाच्या संसदेला कळलं होतं. १ एप्रिल १९७४ पासून ते वाक्य कायद्यात नाही. झेरॉक्समध्ये ते अजून आहे. पन्नास वर्षांपूर्वी रद्द झालेलं वाक्य, दुसऱ्याच कलमाच्या नोटिशीत, एका मुठे विकणाऱ्या माणसाला लागू होतं आणि त्यावर दंडाधिकाऱ्याची सही होते.

मला हे इतकं टोचतं याला एक घरचं कारण आहे. माझे आजोबा गावचे पोलीस पाटील होते. सज्जन माणूस, कुणाचा पै-पैसा खाल्ला नाही. गावात कुणाचं भांडं गेलं, नारळ उतरवले गेले, कोंबडी नाहीशी झाली, की ते पहिल्यांदा वाडीवर माणूस धाडायचे. दोन-तीन कातकरी अंगणात येऊन उकिडवे बसायचे. आजोबा ओरडायचे नाहीत, मारायचे तर नाहीतच. नुसतं बसवून ठेवायचे, दुपारपर्यंत. मग कधी भांडं विहिरीवर सापडायचं, कधी सापडायचंच नाही. मी आठ-नऊ वर्षांची असताना त्यांना विचारलं होतं, यांनाच का बोलावता? ते म्हणाले, “पहिल्यापासून तसंच आहे.” ते वाक्य मी विसरलेले नाही. वकील झाल्यावर मी ते ‘पहिल्यापासून’ नेमकं कधीपासून, हे शोधायला लागले.

कातकरी, म्हणजे काथोडी, म्हणजे खैराच्या झाडाचा कात काढणारा. हे नावच धंद्याचं आहे. खैराचा गाभा तासायचा, त्याच्या चिपा मडक्यात उकळायच्या, रस आटवून वड्या घालायच्या. इंग्रजांनी १८७८ च्या वन कायद्याने आणि पुढे १९२७ च्या कायद्याने जंगलं राखीव केली आणि खैरावर कुऱ्हाड घालणं हा गुन्हा झाला. ज्याच्या नावात धंदा होता त्याचा धंदाच गुन्हा ठरला. धंदा गेला की पुढच्या कायद्याने विचारायचं, तुझं उपजीविकेचं साधन काय? नाही ना, मग दे जामीन. त्याच काळात, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि माणूस जन्मानेच गुन्हेगार असू शकतो हे सरकारी कागदावर उतरलं. सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. १९५२ साली तो कायदा गेला, कुंपण निघालं. पण पोलिसांच्या प्रशिक्षणात, गावच्या बोलण्यात, माझ्या आजोबांसारख्या भल्या माणसाच्या मनात ते राहिलं आणि ज्या जमातींची नावं कुणाच्या जिभेवर होती त्या सगळ्यांना ते लागू झालं.

याच जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. लोक जंगलात शिरले, गोळीबार झाला. त्या हुतात्म्यांमध्ये नाग्या महादू कातकरी यांचं नाव आहे. दरवर्षी २५ सप्टेंबरला तिथे पोलीस मानवंदना देतात, तुमच्यापैकी काहींनी तिथे पुष्पचक्र वाहिलं असेल. मी दोनदा गेले आहे. बंदुकीच्या फैरी झाल्या की मागच्या बाजूला उभ्या असलेल्या कातकरी बायांच्या कडेवरची मुलं दचकून रडायला लागतात, हे मला तिथलं सगळ्यात जास्त आठवतं. गणपती ते नवरात्र हाच नोटिशींचा हंगाम, आणि हा दिवस बरोबर त्यात येतो.

आता मूळ मुद्द्याकडे येते. नोटीस निघाली, माणूस तारखेला आला, बंधपत्र लिहून दिलं, सुटला. यात एवढं काय बिघडलं, असं एका तहसीलदारसाहेबांनी मला अगदी मनापासून विचारलं होतं. त्यांना जे तेव्हा नीट सांगता आलं नाही ते इथे सांगते.

बंधपत्राला जामीनदार लागतो. जामीनदाराला सातबारा लागतो, नाहीतर ऐपतीचा दाखला. कातकऱ्याकडे सातबारा नसतो, त्याच्या भावाकडे नसतो, सासऱ्याकडे नसतो. अख्ख्या वाडीत नसतो, कारण वाडीच दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभी आहे. मग जामीन कोण राहतं? त्या दिवशी तुमच्या कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी ते पाहिलं. वीटभट्टीवाल्याचा माणूस बाकावर बसला होता, मांडीवर प्लास्टिकचं फोल्डर, त्यात एकाच सातबाऱ्याचे पाच-सहा उतारे. माझ्या अशिलाबरोबर त्या दिवशी वाडीतल्या आणखी चौघांची तारीख होती. पाचही जणांना तोच माणूस जामीन राहिला. प्रत्येकाला त्याने चहा पाजला, वडापाव दिला आणि एका वहीत अंगठा घेतला. ती वही कचेरीची नव्हती, भट्टीची होती. त्या वहीत लिहिलं होतं की अमुक रक्कम उचल मिळाली, दिवाळीनंतर जोडीने कामावर यायचं. जोडीने म्हणजे नवरा-बायको. मुलं आपोआप येतात, त्यांचा हिशेब वेगळा लिहीत नाहीत.

मी अशिलाला बाजूला घेऊन म्हटलं, अंगठा देऊ नकोस, मी दुसरा जामीन बघते, रक्कम कमी करून मागते. तो म्हणाला, “बाय, तू आज हायेस. उद्या तारीख लागली की परत कोण?” मला उत्तर देता आलं नाही. दिवाळीनंतर त्याचं दार बंद होतं. चौथीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा शाळेच्या पटावरून कमी झाले नाहीत, नुसते गैरहजर राहिले, शिमग्यापर्यंत.

साहेब, वेठबिगारी कुठून येते याची चौकशी करताना आपण भट्टीवर जातो. ती तुमच्या टेबलावरूनही येते. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राने एक माणूस दुसऱ्याच्या हाती बांधला जातो, आणि तो कागद दंडाधिकाऱ्याच्या शिक्क्याचा असतो. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठ बंद केली. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने उचलीचं कर्ज रद्दबातल ठरवलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं म्हणजेच सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलं. पोटाची आणि कायद्याची भीती माणसाला साखळीइतकीच बांधून ठेवते, हे ते न्यायालय ओळखून होतं.

आणि आता ज्यासाठी हे पत्र मुळात लिहायला घेतलं ती गोष्ट. हा माणूस ज्याच्यापुढे संशयित म्हणून उभा असतो, त्याच अधिकाऱ्याकडे त्याच्या हक्काच्या सगळ्या किल्ल्या असतात. प्रांतसाहेब, १९७६ च्या कायद्याखाली उपविभागीय दक्षता समितीचे अध्यक्ष तुम्ही. वनहक्क कायद्याखाली उपविभागीय समितीचे अध्यक्ष तुम्ही. जातीचा दाखला तुमच्या सहीचा. तहसीलदारसाहेब, रेशनकार्ड तुमच्याकडे, उत्पन्नाचा दाखला तुमच्याकडे, सातबाऱ्यावरच्या वादाच्या नोंदी तुमच्याकडे, गावठाण मोजायचं तर पहिला अहवाल तुमचा. इंग्रजांनी कलेक्टर आणि मामलेदार यांच्या एका हातात महसूल आणि दुसऱ्या हातात दंड दिला, कारण त्यांना राज्य करायचं होतं. स्वतंत्र देशात त्याच दोन हातांचा दुसरा उपयोग होऊ शकला असता. मला अजून वाटतं की होऊ शकतो.

एकाच माणसाच्या दोन फायली मी एका दिवशी मागून पाहिल्या. त्याच माणसाच्या, ज्याच्याविषयी वर लिहिलं. चॅप्टरच्या फायलीचा रोजनामा असा : सोमवारी पोलिसांचा प्रस्ताव, मंगळवारी नोटीस, शुक्रवारी बजावणी, पुढच्या बुधवारी बंधपत्र. दहा दिवस. दुसरी फाइल वनहक्काच्या दाव्याची. ग्रामसभेचा ठराव आहे, नकाशा आहे, वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब आहेत. त्यावर शेवटचा शेरा, ‘स्थळपाहणी प्रलंबित’. तो शेरा सात वर्षांपूर्वीचा. वाडी कचेरीपासून अकरा किलोमीटरवर आहे. त्याच वाडीवर नोटीस बजावायला चार दिवसांत माणूस पोचला होता.

महाराष्ट्रात तीन जमाती विशेष असुरक्षित मानल्या जातात : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. सरकारी पत्रव्यवहारात त्यांना अजून ‘आदिम जमात’ म्हणतात. हा शब्दही बाहेरून आलेला आहे, पण तो वाद आज नको. त्यांच्यासाठी १५ नोव्हेंबर २०२३ पासून पीएम-जनमन योजनेत घरं आली आहेत. घर मंजूर होतं आणि जागेपाशी अडतं. वाडीची जमीन मालकाच्या नावावर. मालक म्हणतो, माझ्या जागेत पक्कं बांधकाम नको. हे असं का, याचं उत्तरही जुनंच आहे. कोकणात खोती होती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या हाती गावची जमीन. खोताविरुद्ध अलिबागकडच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने १९३३ पासून शेतकऱ्यांनी संप केला, सहा वर्षं जमीन कसली नाही. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १९४९ साली खोती गेली, मग कूळकायद्याने कुळाला जमीन मिळाली. पण त्यासाठी आधी कागदावर कूळ असावं लागत होतं. कातकरी कुळाच्याही खालचा, गड्याच्या झोपडीतला. त्याचं नाव पीकपाहणीला लागलंच नाही. सत्तर वर्षं तो ज्या जागेवर राहतो आहे तिथे तो कायद्याला दिसत नाही. नोटीस बजावताना मात्र त्याचा पत्ता बरोबर सापडतो.

मी तुमच्याकडे काय मागते ते साध्या शब्दांत लिहिते. नवा कायदा नको, मंत्रालयाचं परिपत्रकही नको. आहे तोच कायदा वाचून सही करा, एवढंच.

नोटीस काढण्याआधी संहितेच्या १३० व्या कलमाप्रमाणे या माणसाविरुद्ध नेमकी काय माहिती मिळाली त्याचा सारांश आदेशात लिहावा लागतो. कोणत्या दिवशी, कुठे, काय, हे लिहा. ‘सराईत’ म्हणायचं तर सवय दाखवणारा पुरावा लागतो. जात, जमात, वाडी आणि गरिबी यांतलं काहीही पुरावा होत नाही. पोलीस प्रस्तावात हे नसेल तर तो परत पाठवा. तसं करण्याचा तुम्हाला अधिकार आहे. तुम्ही पोलिसांचे कारकून नाही, दंडाधिकारी आहात. माहितीच्या खरेपणाची चौकशी सुरू झाल्याशिवाय अंतरिम बंधपत्र मागता येत नाही, हे मधु लिमयेंच्या खटल्यात सात न्यायमूर्तींनी १९७० साली सांगून ठेवलं आहे. ११० चा वापर गरिबांवर सहज होतो म्हणून दंडाधिकाऱ्यांनी डोळ्यांत तेल घालून बघावं, असं न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी १९८० साली गोपालनाचारी प्रकरणात बजावलं. मी युक्तिवादात ही नावं घेतली की कचेरीत ‘वकीलबाई मोठ्या कोर्टाचं सांगताहेत’ असा चेहरा होतो. मोठ्या कोर्टाचं सांगते, कारण ते छोट्या कचेरीसाठीच लिहिलं आहे.

बंधपत्राची रक्कम माणसाची परिस्थिती बघून ठरवायची आणि ती जास्त असता कामा नये, हे संहितेतच आहे. जामीनदार सातबारेवालाच हवा असं मला तरी या प्रकरणात कुठे लिहिलेलं सापडलं नाही. ती कचेरीची वहिवाट आहे. वाडीतलाच माणूस, बचतगटातली बाई, अंगणवाडीताई यांना जामीन म्हणून घ्या. आणि एकच माणूस एका दिवशी पाच कातकऱ्यांना जामीन राहत असेल तर त्याला एक प्रश्न विचारा : तुमचा यांच्याशी संबंध काय? तो प्रश्न विचारणं हेच १९७६ च्या कायद्याखालचं तुमचं काम आहे. त्याच क्षणी तुमच्यापुढे वेठबिगारीची माहिती आलेली असते.

सहा महिन्यांत चौकशी पुरी झाली नाही तर, विशेष कारणं लिहिल्याखेरीज, ती आपोआप संपते. तुमच्या कपाटात अशा संपलेल्या कितीतरी फायली असतील. त्या बंद करून संबंधित माणसाला तसं लेखी कळवा. म्हणजे पुढच्या वर्षीच्या प्रस्तावात त्या नोंद म्हणून येणार नाहीत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमावल्यांमधला जातिभेद रद्द केला. तुरुंगात झाडू कोणाच्या हाती आणि चूल कोणाकडे हे जातीवरून ठरत होतं, आणि तेही स्वतंत्र भारताच्या नियमावलीत लिहिलेलं होतं. त्याच निकालात विमुक्त, म्हणजे पूर्वी गुन्हेगार ठरवलेल्या, जमातींच्या लोकांना मनमानीने उचलू नये, असंही पोलिसांना सांगितलं आहे. वांशिक भेदभाव नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९६८ मध्येच शिक्कामोर्तब केलं. त्या कराराच्या समितीने २००७ साली सराईत गुन्हेगारांचे कायदे रद्द करा असं भारताला सुचवलं होतं. जिनिव्हातली ती शिफारस आणि तुमच्या टेबलावरचा तो झेरॉक्स यांच्यामध्ये अंतर फार आहे हे मला कळतं. म्हणूनच मी जिनिव्हाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

तुमच्यावर काय ताण असतो हे मी जवळून बघते. निसर्ग वादळ आलं तेव्हा रात्र-रात्र जागलेले नायब तहसीलदार मी पाहिले आहेत. दरड कोसळली की चिखलात पहिल्यांदा तुमचीच माणसं उतरतात. सणाच्या बंदोबस्ताच्या बैठकीत प्रतिबंधक कारवायांचा आकडा विचारला जातो, आणि आकडा कमी दिसला तर बोलणी बसतात, हेही ठाऊक आहे. त्या आकड्यात भरायला सगळ्यात सोपा माणूस तोच असतो जो वकील देत नाही, वरच्या साहेबाला फोन करत नाही आणि बोलावलं की येतो.

महाडचं तळं तुमच्याच विभागात आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कौन्सिलात मंजूर झाला होता, पुढे महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. दोन्ही ठराव कागदावर होते. तळ्याचं पाणी ओंजळीत यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि त्यानंतरही दावा चालला तो १९३७ पर्यंत. बाबासाहेब त्या दाव्यात प्रतिवादी होते. प्रतिवादी म्हणून उभं राहणं म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं. पण त्यांना स्वतःची बाजू मांडता येत होती. माझ्या अशिलाला नोटीस वाचता येत नाही. त्याने ती मला आणून दाखवली, कारण त्याला वाटलं की हा घराच्या मंजुरीचा कागद आहे.

होय, तसंच झालं होतं. जनमनच्या सर्वेक्षणाला मुलं येऊन गेली होती, फोटो काढून गेली होती. शिक्क्याचा कागद आला म्हणून त्याच्या बायकोने तो देव्हाऱ्यात ठेवला होता, दोन दिवस. हळद-कुंकवाचा डाग कागदाच्या कोपऱ्यावर अजून आहे. मी मूळ प्रत माझ्याजवळ ठेवली आहे, उत्तराला झेरॉक्स जोडली आहे.

त्या माणसाची यंदाची तारीख येत्या गुरुवारी सकाळी अकराला आहे. पुन्हा तीच नोटीस, यंदा रेघ काळ्या पेनची. मी हजर राहीन. त्या दिवशी त्याच्या वनहक्काच्या दाव्याची फाइलही टेबलावर काढून ठेवावी, असा अर्ज मी कालच आवक विभागात दिला आहे. दोन्ही फायली शेजारी शेजारी ठेवून आपण दोघांनी त्या एकदा वाचाव्यात. स्थळपाहणीला जायचं असेल तर माझी गाडी आहे. वाडीपर्यंत रस्ता नाही, शेवटची वीस मिनिटं बांधावरून चालावं लागतं. पावसाळी चपला घालून या.

आपली,
कोकणातल्या आदिवासी वाड्यांवर काम करणारी एक वकील